सिएनाचा काम्पो: ठरवून घडवलेला चौक, की नशिबाने वाचलेला?

खडूफळा:

इटलीतल्या चौकांचा विषय निघाला की लोक व्हेनिस आणि रोमपाशीच थांबतात. मला विचाराल तर त्या देशातला सगळ्यात विचार करून बांधलेला चौक सिएनात आहे, पियात्सा देल काम्पो. तिथून परत आल्यापासून डोक्यात एक प्रश्न घोळतोय, तो इथे मांडते.

आधी थोडी पार्श्वभूमी. टस्कनीत, फ्लोरेन्सच्या दक्षिणेला, तीन डोंगरधारांवर हे गाव वसलंय. तिन्ही धारा जिथे भेटतात तिथे खाली एक उतरता माळ होता. बाजार तिथे भरायचा. तो कुठल्याही एका वस्तीचा नव्हता, म्हणूनच सगळ्यांचा झाला. १२८७ ते १३५५ या काळात सिएनावर ‘नऊ जणांचं’ सरकार होतं. नऊ नागरिक, बहुतेक व्यापारी आणि सावकार. मुदत फक्त दोन महिने. तेवढे दिवस घरदार सोडून सरकारी मुक्कामी राहायचं, आणि पुन्हा त्या जागेवर यायचं तर मध्ये वीस महिने जाऊ द्यायचे. मोठ्या सरदार घराण्यांना आणि न्यायाधीश, नोटरी वगैरे मंडळींना या नऊ जागांवर मज्जाव होता.

याच सरकारने १२९७ मध्ये नियम केला की काम्पोकडे तोंड असलेल्या घरांच्या खिडक्या बारीक खांब घालून विभागलेल्याच असाव्यात आणि पुढे सज्जे काढू नयेत. त्याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या वाड्याचं, पालात्सो पुब्लिकोचं, काम सुरू झालं आणि त्याच्याही खिडक्या त्याच घाटाच्या. शेजाऱ्याला जी शिस्त, तीच आपल्याला. १३४९ पर्यंत फरसबंदी पुरी झाली. लाल विटांचा उतार, त्यावर पांढुरक्या ट्रॅव्हर्टिन दगडाच्या आठ रेघा वाड्याच्या दिशेने एकत्र येत जाणाऱ्या, आणि त्यांच्यामुळे पडलेल्या नऊ पाकळ्या. नऊ जणांची खूण.

माझं मत असं की काम्पो देखणा आहे तो या नियमांमुळे. नागरिकांनी बसून ठरवलं आणि पिढ्यान् पिढ्या पाळलं. पण आमच्या गटातले एक गृहस्थ हटूनच बसले, ‘नियमबियम काही नाही, गाव पुढे गरीब झालं, नवं बांधायला पैसा राहिला नाही, म्हणून जुनं टिकलं.’ तुम्हाला काय वाटतं?

सोनटक्का:

मस्त विषय. फोटो टाका की!

चिमणराव_ठाणे:

दोन महिने काम आणि मग वीस महिने लांब राहायचं? आमच्या सोसायटीच्या चेअरमनना हा धागा आत्ताच पाठवतो.

गवंडी:

खडूफळाताई, उत्तम धागा. बांधकामवाला आहे, त्यामुळे माझी नजर आधी पायाखाली जाते.

काम्पोचा आकार सुपासारखा आहे. वरची बाजू रुंद आणि गोलाकार, तिथून सगळी जमीन वाड्याकडे उतरत येते. विटा आडव्या निजवलेल्या नाहीत, कडेवर उभ्या करून तिरक्या तिरक्या एकमेकींत अडकवल्यात. उतारावर साधी ओळीने वीट लावली तर पावसाने आणि गाड्याच्या चाकांनी ती हळूहळू खाली सरकते. तिरक्या मांडणीत प्रत्येक वीट शेजारणीला धरून ठेवते. त्या पांढऱ्या रेघा नऊ जणांची खूण असतीलही, पण त्या पाणी वाहून नेतात. सगळ्या रेघा जिथे मिळतात तिथे, वाड्याच्या दाराजवळ सगळ्यात खालच्या जागी, गटाराचं मोठं दगडी तोंड आहे. स्थानिक लोक त्याला ‘गाविनोने’ म्हणतात. अख्ख्या चौकाचा पाऊस तिथे जातो. लोक वाड्याच्या मनोऱ्याचे फोटो काढत त्याच्यावरूनच चालत असतात, खाली बघत नाहीत.

मनोऱ्याबद्दल सांगायचं तर तोर्रे देल मांजा १३३८ ते १३४८ मध्ये बांधला, उंची सुमारे ८७ मीटर, वर जायला चारशेच्या वर पायऱ्या. इतका उंच का? कारण तो गावातल्या खोलगट जागी उभा आहे. टेकडीवरच्या कॅथीड्रलच्या बरोबरीने दिसायचं तर खालून तेवढं वर चढावंच लागणार. अंग विटांचं, डोकं दगडाचं. खर्च जिथे दिसतो तिथे केलाय.

तेव्हा माझं मत नियमांच्या बाजूने, पण त्यात उताराचंही श्रेय धरा. सपाट जागेवर असा चौक जमला नसता.

जुनी वही:

मी त्या गटातल्या गृहस्थांच्या बाजूने बोलतो. त्यांना इथे कुणी वकील दिसत नाही.

एक, हे ‘नागरिकांचं राज्य’ वगैरे जरा जपून. नऊ जण म्हणजे सावकारांचं आणि व्यापाऱ्यांचं मंडळ होतं. लोकर पिंजणाऱ्याला, विणकराला त्यात जागा नव्हती. १३५५ मध्ये सम्राट चौथा चार्ल्स गावात आला तेव्हा सरदार आणि गरीब वस्त्या दोघांनी मिळून त्यांना हाकललं. पुढे १३७१ मध्ये ब्रुको भागातल्या लोकर कामगारांनी मजुरीसाठी बंड केलं, ते चिरडलं गेलं. काम्पोच्या विटा ज्यांनी वाहिल्या त्यांची नावं कुठल्याच पाकळीवर नाहीत.

दोन, १३४८ ची प्लेग. गावात तेव्हा अंदाजे पन्नास हजार माणसं असावीत. त्यातली निम्मी, कदाचित त्याहून जास्त, काही महिन्यांत गेली. आन्योलो दी तूरा नावाचा बखरकार लिहून गेलाय की आपल्या पाच मुलांना त्याने स्वतःच्या हातांनी पुरलं. लोरेंझेत्ती हे चित्रकार बंधूही बहुधा त्याच साथीत गेले, कारण त्यानंतर त्यांचा मागमूस लागत नाही. आज सिएनाची लोकसंख्या किती? तेवढीच, पन्नास हजारांच्या थोडी वर. आणि आजच्या गावाचा बराच भाग तटाबाहेर पसरलाय. तटाच्या आत अजून मळे आणि हिरव्या घळी आहेत, कारण ज्या वाढीच्या अपेक्षेने तट बांधला ती वाढ झालीच नाही.

याचा सगळ्यात मोठा पुरावा काम्पोत नाही, कॅथीड्रलपाशी आहे. १३३९ मध्ये सिएनाकरांनी ठरवलं की असलेलं प्रचंड कॅथीड्रल हा नव्या कॅथीड्रलचा फक्त आडवा हात करायचा, मुख्य दालन दक्षिणेकडे नव्याने उभारायचं. ख्रिस्ती जगातल्या सगळ्यात मोठ्या देवळांत त्याची गणना झाली असती. प्लेग आली, पैसा आटला, खांबही नीट उभे राहिले नव्हते. सगळं सोडून दिलं. ‘फाच्चातोने’ म्हणतात ती एकटी उंच भिंत आजही तशीच उभी आहे, मागे काही नाही. तिच्यावर चढता येतं आणि काम्पोचा सर्वांत चांगला देखावा तिथूनच दिसतो.

तीन, १५५५. स्पेन आणि फ्लोरेन्सच्या मेदिचींनी वर्षाहून जास्त वेढा दिला. आत माणसं उपाशी मरत होती. लढायच्या कामाच्या नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना अन्न वाचवण्यासाठी वेशीबाहेर काढलं. एप्रिलमध्ये गाव शरण आलं. काही कुटुंबं मोंताल्चीनोला गेली आणि तिथे त्यांनी प्रजासत्ताकाचा झेंडा १५५९ पर्यंत धरून ठेवला. त्यानंतर सिएना म्हणजे फ्लोरेन्सच्या ताब्यातलं एक जिल्ह्याचं गाव. अशा गावात कोण चौक पाडून नवा बांधणार?

मला या गावाबद्दल आस्था आहे म्हणूनच हे लिहितोय. त्याचं सौंदर्य दुखण्यातून आलेलं आहे, हे नाकारून त्याचा मान वाढत नाही.

सोनटक्का:

बाप रे. आन्योलोची ओळ वाचून थबकलो.

मिलानची माई:

बरीच वर्षं इटलीत आहे, सिएनाची एक जिवलग मैत्रीण आहे. तिला हा धागा वाचून दाखवला तर म्हणेल, ‘यांनी दोन हजार शब्द लिहिले आणि कोन्त्रादाचं नाव नाही?’ म्हणून मी लिहिते.

सिएनात १७ कोन्त्रादा आहेत, म्हणजे पेठा. हंस, सुरवंट, गोगलगाय, कासव, लांडगी, लाट, बुरूज अशी नावं. प्रत्येकीची स्वतःची छोटी चर्च, स्वतःचं संग्रहालय, स्वतःचा कारंजा. मूल जन्मलं की चर्चमधला बाप्तिस्मा होतोच, शिवाय कोन्त्रादाच्या कारंज्यावर वेगळा होतो. सध्याच्या हद्दी १७२९ मध्ये राज्यपाल असलेल्या बव्हेरियाच्या व्हायोलान्तेने आखून दिल्या. या गल्लीचा उजवा हात कासवाचा, डावा गोगलगायीचा, इतकं नेमकं. आणि कासव आणि गोगलगाय एकमेकांचे हाडवैरी.

२ जुलै आणि १६ ऑगस्टला काम्पोत पालिओ होतो, म्हणजे कोन्त्रादांची घोड्यांची शर्यत. त्याच्या आधी काही दिवस चौकाच्या कडेने माती घालतात, पिवळसर, दाबून बसवलेली. ‘चौकात माती पडली’ असं गावात म्हणतात आणि त्या दिवसापासून माणसांचं बोलणंच बदलतं. माझी मैत्रीण एरवी शांत बाई. मातीवर पहिल्यांदा पाय ठेवला की तिचे डोळे भरून येतात. लहान पोरं वाकून ती माती हातात घेतात.

शर्यतीत १७ पैकी दहाच धावतात. आदल्या वर्षी त्या तारखेच्या शर्यतीत न धावलेल्या सात हक्काने, उरलेल्या तीन चिठ्ठीने. घोडाही चिठ्ठीनेच वाट्याला येतो, कोन्त्रादाला निवडता येत नाही. स्वार मात्र भाड्याचा, बहुतेक बाहेरगावचा, आणि त्याच्यावर कुणाचाच पुरता विश्वास नसतो. कोन्त्रादांमध्ये आपापसात पैशांचे करार चालतात आणि ते कुणी लपवतही नाही. शर्यतीच्या दिवशी घोड्याला कोन्त्रादाच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात आणि पुरोहित त्याला सांगतो, ‘जा आणि जिंकून ये.’ खोगीर नसतं. तीन फेऱ्या, सगळं मिळून साधारण सव्वा मिनिट. स्वार पडला आणि घोडा एकटाच पहिला आला तरी कोन्त्रादा जिंकली. दुसरा येणं सगळ्यात नामुष्कीचं. बक्षीस काय, तर एक रंगवलेलं रेशमी कापड. दर वेळी नव्या चित्रकाराकडून करून घेतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. काम्पो नियमांनी घडला की गरिबीने वाचला, हे तुम्ही इमारतींकडे बघून विचारताय. तो रोज वापरात आहे, दर वर्षी त्याच्यासाठी रडणारी माणसं आहेत. त्या लोकांनी तिथे बदल होऊच दिला नसता, पैसा असता तरी.

पुरंदरचा पाऊस:

माई, वर्णन आवडलं. पण घोड्यांचं काय? शर्यतीच्या वाटेत सान मार्तीनोच्या वळणावर जमीन उतरती आणि वळण काटकोनात. तिथे घोडे आदळून मेलेत, ही लपवलेली गोष्ट नाही. सातशे वर्षांच्या चौकाचं कौतुक करताना आपण दर वर्षी त्यात जनावर पणाला लावतो हे मला पचत नाही. परंपरा आहे एवढं कारण मला पुरेसं वाटत नाही.

मिलानची माई:

पुरंदर, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते इटलीतही जोरात मांडलं जातं. त्या दबावामुळेच गोष्टी बदलल्या. वळणावर जाड गाद्या लावतात. शर्यतीआधी पशुवैद्य घोडे तपासतात. नाजूक हाडांच्या शुद्ध जातीच्या घोड्यांना २००० पासून बंदी आहे, फक्त संकरित घोडे धावतात. निवृत्त घोड्यांना ठेवायला सोय केली आहे. एवढ्याने प्रश्न मिटला असं मी म्हणणार नाही, दर अपघातानंतर तो पुन्हा उभा राहतो. माझ्या मैत्रिणीशी माझं यावरून भांडण झालंय. ती म्हणते, त्या चार दिवसांत आम्ही घोड्याच्या तबेल्यात आळीपाळीने झोपतो, तुम्ही कुणासाठी झोपता? मी म्हणते, मग त्या वळणावरून धावूच देऊ नका. आम्ही अजून मैत्रिणी आहोत.

पुरंदरचा पाऊस:

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. माझा विरोध कायम, पण आता निदान कशाला विरोध करतोय ते नीट कळलं.

खडूफळा:

जुनी वही, तुम्ही लिहिलेलं सगळं मान्य, निष्कर्ष सोडून.

नऊ जण सावकारच होते. पण त्यांनी स्वतःच्या बैठकीच्या खोलीत काय रंगवून घेतलं ते बघा. १३३८-३९ मध्ये आंब्रोज्यो लोरेंझेत्तीकडून तीन भिंती रंगवल्या: चांगलं सरकार, वाईट सरकार आणि दोन्हींचे शहरावर आणि शेतांवर होणारे परिणाम. एका बाजूला शिंग असलेला हुकूमशहा बसलाय आणि न्यायदेवता त्याच्या पायाशी बांधून टाकलीय. दुसऱ्या बाजूला न्यायाच्या तराजूतून दोन दोऱ्या निघतात, एकोप्याच्या हातात त्यांची एक दोरी होते आणि तिथून पुढे २४ नागरिक ती हातोहात धरत नेतात. एकोप्याच्या मांडीवर काय ठेवलंय माहीत आहे? सुताराचा रंधा. उंचसखल आहे ते सपाट करायला.

मी त्या खोलीत बराच वेळ उभी होते. शहराच्या चित्रात चांभाराचं दुकान आहे, वर्ग घेणारा शिक्षक आहे, परांचीवर उभं राहून भिंत रचणारे गवंडी आहेत, रस्त्यात नाच चाललाय. वेशीतून एक शेतकरी डुक्कर हाकत येतोय, काळं, खांद्यावर पांढरा पट्टा असलेलं. ती जात अजून सिएनाच्या शेतांत पाळतात. नऊ जणांना रोज बैठकीला बसताना समोर हे दिसायचं. ते कायम त्याप्रमाणे वागले असं नाही. पण आपण कशासाठी बसलोय ते भिंतीवर लिहून ठेवणारं सरकार तुम्ही किती पाहिलीत?

शिवाय १३०९-१० मध्ये याच राज्यात शहराचे कायदे लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आणले, मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहून घेतले, ज्यांना लॅटिन येत नाही अशा गरीब माणसांना बघता यावेत आणि हवं तर उतरवून घेता यावेत म्हणून.

गवंडी:

चित्रात गवंडी आहेत हे वाचून बरं वाटलं.

जुनी वही:

लोकभाषेतल्या कायद्यांचा मुद्दा जबरदस्त आहे, तो मी विसरणार नाही. आणि माझ्या सदस्यनामाला साजेशी एक भर घालतो. सिएनाच्या खजिन्याच्या हिशेबवह्यांना १२५८ पासून रंगवलेल्या लाकडी पाट्यांची बांधणी असायची. दुच्चोसारखा चित्रकारही ही कामं करायचा. जमाखर्चाच्या वहीला चित्रकार लावणारे लोक चौकाच्या विटांकडे दुर्लक्ष करणार नाहीत, इतकं मी मानतो. त्या पाट्या तिथल्या सरकारी अभिलेखागारात बघायला मिळतात, आणि पर्यटक तिकडे फारसे फिरकत नाहीत.

तांबडी माती:

भूजलाचं काम करते, म्हणून पाण्याचं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सिएनाला नदी नाही. फ्लोरेन्सला आर्नो आहे. लोकर धुवायला, कुटायला, रंगवायला पाणी लागतं आणि चक्की फिरवायला प्रवाह. युरोपभर पैसा फिरवणाऱ्या सिएनाच्या बोन्सिन्योरी पेढीला १२९८ पासून उतरती कळा लागली, तेव्हा फ्लोरेन्सकडे कापडाचा धंदा तरी होता. सिएनाकरांना जमिनीखाली दियाना नावाची नदी आहे अशी आशा होती, तिच्यासाठी खणत राहिले. कवी दान्तेने त्याची टिंगल केली आहे.

नदी सापडली नाही, पण खणणं वाया गेलं नाही. गावाखाली सुमारे २५ किलोमीटर बोगदे आहेत, ‘बोत्तिनी’ म्हणतात. वाळूच्या दगडात माणूस उभा राहील एवढी उंची, तळाला एक अरुंद चर आणि त्याला अगदी थोडा उतार. दगडातून थेंब थेंब झिरपणारं पाणी त्या चरात जमतं आणि चालत गावात येतं. पंप नाही, दाब नाही. १३४२ मध्ये हे पाणी काम्पोच्या वरच्या कडेला पोचलं. डोंगरधारेवर वसलेल्या गावाच्या मधोमध वाहतं पाणी! तिथे कारंजा केला, फोन्ते गाया. त्याला आज जे कोरीवकाम दिसतं ते याकोपो देल्ला क्वेर्चाच्या १४१९ च्या कामाची १९ व्या शतकात केलेली प्रतिकृती आहे. मूळ झिजलेले दगड कॅथीड्रलसमोरच्या सांता मारिया देल्ला स्काला या जुन्या इस्पितळात ठेवलेत. तिथे जाऊन जरूर बघा. झिजलेलेही ते जिवंत वाटतात.

या कारंज्याची एक गोष्ट शिल्पकार गिबेर्तीने लिहून ठेवलीय. गावात खणताना व्हीनसची प्राचीन मूर्ती सापडली, सगळ्यांनी वाहवा केली आणि कारंज्यावर बसवली. मग प्लेग, मग लढाईत हार. कुणीतरी सभेत उठून म्हणालं, ही नागडी बया आल्यापासूनच आपलं वाईट झालं. १३५७ मध्ये मूर्ती उतरवली. तिचे तुकडे केले आणि ते फ्लोरेन्सच्या हद्दीत नेऊन पुरले. अपशकुन शत्रूला लागावा म्हणून!

पाणी वापरायची शिस्तही बघण्यासारखी. फोन्तेब्रान्दा या जुन्या कारंज्याला एकापुढे एक हौद आहेत. पहिल्यातलं पिण्याला, त्याचं ओसंडून येणारं जनावरांना, त्याचं उरलेलं धुण्याला. त्यापुढचं पाणी खालच्या चर्मकारांना आणि रंगाऱ्यांना. एक थेंब दोनदा तीनदा वापरायचा. नियम की गरिबी असं विचारताय ना? मला वाटतं नियमांची सवय या लोकांना पाण्याने लावली. जिथे पाणी मोजून मिळतं तिथे सामायिक जागा कशी वापरायची याचा विचार करावाच लागतो.

सोनटक्का:

तुकडे शत्रूच्या हद्दीत पुरले हे भारीच! वाचनखूण साठवली.

रायगडचा_रहिवासी:

अवांतर, पण मला लिहायचंच आहे.

टस्कनी-उंब्रिया म्हटलं की माझ्या डोक्यात १९४४ येतं. दुसऱ्या महायुद्धात सिएना ३ जुलै १९४४ ला जर्मनांच्या ताब्यातून सुटलं. फ्रेंच फौजेने ते घेतलं, त्यात अल्जीरियाचे शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि गावाचं जवळजवळ काहीच नुकसान झालं नाही. त्यानंतर आठवड्याभरात, १० जुलैला, पूर्वेकडे तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात आमच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे पडले. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे एक तर मेले किंवा जखमी झाले. हे एकटे धावून गेले, हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेले दोघे मारले, आणि मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांचा देह मिळाला नाही, नाव कासीनोच्या स्मारकावर आहे. माणगावला पुतळा आहे. पुढच्या एप्रिलमध्ये सेन्यो नदीवर नामदेव जाधवांना तोच सन्मान मिळाला, ते जिवंत परतले.

तिकडे फिरायला जाणाऱ्या मराठी माणसाने हे माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. कासीनो रोमच्या दक्षिणेला आहे, वाट वाकडी करावी लागते. करा.

मिलानची माई:

रायगडकर, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. कासीनोला मी गेले आहे. आपल्याकडची नावं वाचत वाचत माणूस पुढे सरकत नाही. आणि यालाच जोडून एक गोष्ट सांगते. लढाई संपल्यावर २० ऑगस्ट १९४५ ला सिएनाने एक खास पालिओ ठेवला, ‘शांततेचा पालिओ’. ड्रॅगनची कोन्त्रादा जिंकली होती. खायला पुरेसं नव्हतं, पण काम्पोत माती पडली.

नीलमोहर:

पानफोर्तेबद्दल कुणीच लिहिलं नाही? सुका मेवा, मध आणि मसाले घालून केलेली घट्ट वडी. नातेवाइकांसाठी आणायला एकदम योग्य, आठवडाभर बॅगेत राहिली तरी बिघडत नाही. बदामाची रिच्चारेल्ली मात्र नाजूक असतात, तिथेच खा.

गवंडी:

मूळ प्रश्नाकडे येऊया.

जुनी वहीचा मुद्दा असा की गरीब गाव आपोआप टिकतं. मी गरीब झालेली जुनी गावं बरीच पाहिलीत, कामानिमित्त. पैसा नसला म्हणून वाडे टिकत नाहीत. कुणी पुढे पत्रा काढतं, कुणी अर्धा वाडा विकून त्याची दगडं नेतं, कुणी चौकातच टपरी टाकतं. काम्पोची कडा इतकी एकसारखी राहिली याला कुणीतरी ‘नाही’ म्हणायला बसलेलं असावं लागतं. सिएनात १५ व्या शतकात तर नगराच्या देखणेपणावर लक्ष ठेवणारे खास अधिकारी होते. कुणाचा ओटा काढायचा, कुणाला दर्शनी भिंत नीट बांधायला लावायची, हे त्यांचं काम.

जुनी वही:

गवंडीदादा, मग फ्लोरेन्सचं उदाहरण घ्या. तिथे नियम कमी होते का? अधिकारी कमी होते का? तरी १८६५ मध्ये इटलीची राजधानी झाल्यावर त्यांनी तटाच्या भिंती बऱ्याचशा पाडल्या आणि पुढे १८८५ ते १८९५ मध्ये गावाच्या मधला मध्ययुगीन जुना बाजार, त्याच्या भोवतीची घरं, ज्यूंची वस्ती, सगळं साफ करून तिथे आजचा रिपुब्लिका चौक केला. फ्लोरेन्सकडे पैसा होता, महत्त्वाकांक्षा होती. सिएनाकडे दोन्ही नव्हतं, म्हणून तिचा तट उभा आहे. नियम दोघांकडे होते. फरक पैशाचा होता.

खडूफळा:

हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे. पण सिएना २० व्या शतकात गरीब नव्हती. १४७२ ची मोंते देई पास्की बँक, जगातली आज चालू असलेली सगळ्यात जुनी, तिथलीच. शतकाच्या शेवटी ती इटलीतल्या मोठ्या बँकांत होती आणि तिचा पैसा गावात भरपूर आला. बँक पुढे अडचणीत आली आणि २०१७ मध्ये सरकारला तिला उचलून धरावं लागलं, ती वेगळी कथा. पण पैसा होता तेव्हा सिएनाने काय केलं? १९६० च्या दशकात, बाकीची इटली चौकाचौकांत गाड्या उभ्या करत होती तेव्हा, जुन्या गावात गाड्यांना बंदी घातली. युरोपात असं करणाऱ्या पहिल्या काही गावांत ती आहे. तो काही गरिबीचा निर्णय नव्हता.

जुनी वही:

गाड्यांच्या बंदीला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मला ती मनापासून आवडते. पण तुम्ही ‘टिकवणं’ आणि ‘घडवणं’ एकत्र करताय. नऊ जणांनी घडवलं, दुखण्याने सांभाळलं, आणि वाचवण्यासारखं काही आहे हे कळल्यावर विसाव्या शतकातल्या लोकांनी निर्णय घेतला. मधला टप्पा तुम्ही गाळू नका एवढंच माझं म्हणणं.

तांबडी माती:

मधल्या टप्प्यातही रोज कुणीतरी बोत्तिनीत उतरून चर साफ करत होतं. ६०० वर्षं पाणी चालू राहिलंय. ते दुखण्याने होत नाही.

गवंडी:

तांबडी मातीशी शंभर टक्के सहमत.

चिमणराव_ठाणे:

फेब्रुवारीत जायचं ठरतंय, आईबाबांना घेऊन. रेल्वे की बस? आणि फ्लोरेन्सहून एका दिवसात होईल का?

मिलानची माई:

चिमणराव, बसने या. रेल्वे स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे, तिथून सरकते जिने आहेत खरे, पण आईबाबांना बस सोपी, ती वर जुन्या गावाच्या कडेला सोडते. एका दिवसात चौक आणि कॅथीड्रल होईल, पण रात्री राहा असं मी सांगेन. लोरेंझेत्तीच्या खोलीला घाईत जाऊ नका. मनोरा आईबाबांना नको, जिना फार अरुंद आहे. त्यापेक्षा काम्पोत विटांवर खाली बसा, तिथे सगळेच बसतात. आणि पालिओसाठी कधी आलात तर चौकाच्या मधोमध उभं राहायला पैसे पडत नाहीत, पण दुपारी आत शिरलात की शर्यत संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही आणि स्वच्छतागृह नाही. आईबाबांना घेऊन तर मुळीच नको.

सोनटक्का:

१२६० च्या मोंतापेर्तीच्या लढाईबद्दल कुणी लिहा ना. सिएनाने फ्लोरेन्सला हरवलं होतं ना तेव्हा?

जुनी वही:

हो, ४ सप्टेंबर १२६०. पण ते इथे सुरू केलं तर हा धागा गाडला जाईल. वेगळा काढतो, रविवारी. खडूफळाताई, तिथे तुम्ही फ्लोरेन्सची बाजू घ्या.

खडूफळा:

फ्लोरेन्सची बाजू? ती गवंडीदादांना द्या. मी सिएनाच्याच बाजूने येणार.